खुर्चीवरचा खलाशी

दीड महिना पाण्याने भरलेला तांब्यासुद्धा उचलायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा चंद्रभानने मान डोलावली होती. मान डोलवायला तेवढी परवानगी होती. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, जिना चढायचा नाही, खोकला आला तर पोटाशी उशी धरून खोकायचं आणि हसू आलं तर शक्यतो पुढे ढकलायचं, अशी ती यादी होती. चंद्रभान ती दुसऱ्या दिवशी विसरला. त्याच्या बायकोला, सुगंधाला, मात्र ती तोंडपाठ झाली, आणि बोईसरच्या त्या भाड्याच्या खोलीत दिवसातून चार वेळा तिचं पारायण होऊ लागलं.

चंद्रभान मूळचा बुलढाण्याकडचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा तो इकडे आला आणि दोर, साखळ्या, कप्प्या लावून अवजड यंत्रं उचलणाऱ्या टोळीत लागला. साइटवर या लोकांना खलाशी म्हणत. इथे येईपर्यंत चंद्रभानने समुद्र पाहिला नव्हता आणि अजूनही तो होडीत पाय ठेवायला भीत असे. पण चार टनांची तुळई कुठे बांधली म्हणजे तोल जाणार नाही, हे तो नुसत्या नजरेने सांगे. अशा माणसाला हर्निया व्हावा, आणि तोही साइटवर नव्हे तर घरमालकाची लोखंडी पेटी माळ्यावर चढवताना, याची त्याला मनस्वी लाज वाटत होती. ऑपरेशन कुठे झालं असं कोणी विचारलं तर तो "पालघरला" एवढंच सांगे आणि विषय बदले.

ऑपरेशनला अकरा दिवस झाले आणि समुद्रावर वादळ झालं. पाऊस गेला असं धरून लोकांनी छत्र्या गुंडाळून ठेवल्या होत्या. बोईसरात नुसते पत्रे वाजले, दोन-चार झाडं पडली. किनाऱ्यावर मुरबे या कोळ्यांच्या गावात मात्र घरांची छपरं उडाली, भरतीचं पाणी चुलीपर्यंत आलं आणि होड्या खाडीत कुठल्या कुठे वाहून गेल्या. रविवारी ट्रक काढून अख्ख्या टोळीने मदतीला जायचं ठरलं. ही बातमी जिवल्याने आणली. जिवल्या जवळच्याच पाड्यावरचा वारली, टोळीत चंद्रभानच्या हाताखाली दोर धरणारा. तो जगातल्या सगळ्या माणसांना 'तू' म्हणे, इंजिनियरसाहेबांनाही, आणि त्यात कोणाचा अपमान होतो असं आजवर कोणी त्याला पटवू शकलं नव्हतं.

जिवल्या गेल्यावर चंद्रभान भिंतीकडे तोंड करून पडला. मग म्हणाला, "सगळी टोळी चालली. मी काय इथं उशी धरून बसू?"

"हो," सुगंधा म्हणाली. "डॉक्टरनं उशी धरूनच बसा म्हनलं."

"म्हंजे मले बसूनच राहाचं आहे ना? मंग मी तिथं जाऊन बसतो."

सुगंधाने मनातल्या मनात अख्खी यादी वरपासून खालपर्यंत तपासली. मुरब्याला जाऊन बसू नये असं तीत कुठेच नव्हतं. तिने दुसऱ्या वाटेने प्रयत्न केला. रस्त्यातले खड्डे सांगितले, टाके सांगितले, गावाकडच्या एका चुलत सासऱ्याचं उदाहरण सांगितलं. चंद्रभान ऐकून घेत होता आणि दर वेळी "मी उचलणार काही नाही" एवढंच म्हणत होता. शेवटी तिने ओळखलं, की हा माणूस एक तर ट्रकमधून जाईल, नाही तर ती पाण्याला गेली असताना पायी निघेल.

तिने अटी घातल्या. जमिनीवर बसायचं नाही, म्हणून घरमालकाची हातांची लाकडी खुर्ची बरोबर न्यायची. टाक्यांवर नाडी बांधता येत नव्हती, तेव्हा लेंगा पार छातीशी नेऊन सैल बांधला होता आणि तो बाहेरून फार चमत्कारिक दिसत होता. तो झाकायला तिने घरमालकांचाच जुना कोट मागून आणला. घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले. कोट काळा, बंद गळ्याचा, पितळी बटणांचा, गुडघ्यापर्यंत येणारा. आणि यांनी काडीसुद्धा उचलली तर मला येऊन सांगायचं, अशी शपथ तिने जिवल्याकडून घेतली.

मुरब्याला शाळेपाशी ट्रक थांबला तेव्हा नऊ वाजले असतील. टोळीतली माणसं धडाधड उड्या मारून उतरली. चंद्रभानला उडी मनाई होती. जिवल्याने आधी खुर्ची उतरवली, तिच्यावर पाय ठेवायला लावून चंद्रभानला सावकाश उतरवलं, आणि मग चंद्रभान चालू लागला. टाके ओढू नयेत म्हणून तो पाऊल मोजून टाकत होता. वाकायचं नव्हतं, म्हणून छाती पुढे होती. डावा हात पोटाशी, कोटाच्या आत. मागून जिवल्या खुर्ची घेऊन. शाळेच्या पटांगणात सकाळपासून ताटकळलेली दीडशे माणसं होती, बहुतेक बायका, म्हातारे आणि पोरं, कारण धडधाकट पुरुष खाडीत होड्या शोधायला गेले होते. त्या सगळ्यांनी एकदम दोन्ही बाजूंना सरून वाट करून दिली.

चंद्रभान खुर्चीवर बसला. कोणी तरी काही तरी निवडायला, मोजायला, सांधायला आणून देईल, अशी त्याची अपेक्षा होती. कोणी काही आणलं नाही. लोक समोर उभे राहून त्याच्याकडे पाहत राहिले.

मग हिरा पुढे आली. पन्नाशीची कोळीण, आवाज समुद्रावर ऐकू जाईल असा. तिचं म्हणणं तिने एका दमात सांगितलं. घराचं छप्पर गेलं, आढं खाली आलं, सून आठ दिवसांची बाळंतीण, मूल शेजारणीच्या पडवीत ओल्यात पडलंय. शाळेच्या मागच्या खोलीत काल कचेरीतून आलेल्या ताडपत्र्या आहेत, तांदूळ आहे, कंदील आहेत, आणि खोलीला कुलूप. किल्ली चिंधू शिपायाकडे. तो म्हणतो, साहेब येऊन समक्ष पाहणी करतील तेव्हाच उघडायचं. "आता तुमी आलाव. आता उघडायला सांगा."

चंद्रभानने सांगितलं, की आपण साहेब नाही.

"मग कोन?"

"खलाशी."

पटांगणातल्या बायका हसू लागल्या. हिराचे सासरे, नवरा, दोन्ही मुलगे, सगळे खलाशी होते. खलाशी कसा दिसतो हे तिला सांगायची गरज नव्हती. "आमचे खलाशी असला कोट नाय घालत," ती म्हणाली. "खलाशी हाव ना? मग ती गोण उचलून इकडं ठेवा बघू."

चंद्रभानने गोणीकडे पाहिलं. चाळीस किलोची गोण, एरवी त्याने एका हाताने फिरवली असती. त्याने जिवल्याकडे पाहिलं. जिवल्याने नकारार्थी मान हलवली. "मले उचलता नाही येत," चंद्रभान पडेल आवाजात म्हणाला.

"साहेबच हाय," मागची एक म्हातारी म्हणाली, आणि त्या मुद्द्यावर गावाचं एकमत झालं.

एवढ्यात चिंधू शिपाई धावत आला. पाहणीला येणार होते ते प्रांतसाहेब नवे होते, महिन्याभरापूर्वीच बदलून आलेले, आणि चिंधूने त्यांना अजून पाहिलं नव्हतं. त्याने पितळी बटणं पाहिली, खुर्ची पाहिली, खुर्चीमागे उभा असलेला जिवल्या पाहिला आणि खाडकन सलाम ठोकला. चंद्रभानने त्यालाही सांगितलं, की तो समजतो तो माणूस मी नव्हे. चिंधू गंभीर झाला. मागे एक साहेब असेच साध्या माणसासारखे येऊन, कोण कसं काम करतं ते गुपचूप पाहून गेले होते आणि नंतर तिघांच्या बदल्या झाल्या होत्या, हे त्याला चांगलं आठवत होतं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "समजलं साहेब. मी काय कोनाला बोलत नाय. कुलूप उघडू का?"

चंद्रभानने वर पाहिलं. समुद्राच्या बाजूने पुन्हा काळं भरून येत होतं. शेजारच्या पडवीतून मूल रडत होतं, बारीक आवाजात, दमून दमून. आयुष्यभर त्याने इंजिनियरच्या इशाऱ्याशिवाय दोराला हात लावला नव्हता. पण ताडपत्री खोलीत आणि मूल पावसात, हे काही त्याच्या बुद्धीला पटेना. आणि खरं सांगायचं तर, तेरा दिवस 'हे करू नका, ते करू नका' ऐकून त्याचं डोकं आधीच तापलेलं होतं.

"उघड," तो म्हणाला.

त्यानंतर काम थांबायला तयार होईना. ताडपत्र्या निघाल्या, तांदूळ निघाला. ताडपत्री कशी बांधायची याचा वाद झाला तेव्हा लोक खुर्चीकडे आले. चंद्रभानने सांगितलं, की वाऱ्याकडची बाजू आधी बांधा आणि कोपऱ्यांत दगड गुंडाळून त्यांना दोर घाला. तसं केल्यावर ती टिकली. मग दुसऱ्या घराचे लोक आले. तिसरं घर शाळेपासून लांब होतं आणि बसल्या जागेवरून दिसत नव्हतं. चंद्रभान उठायला लागला, तर जिवल्याने त्याला खांद्याला धरून परत बसवलं. "तू चालू नको. तुझी बायको माला मारल." मासळी सुकवायचे दोन लांब बांबू त्याने खुर्चीच्या हातांखालून घातले, काथ्याने आवळले आणि टोळीतल्या तिघांना हाक मारली.

अशी ती खुर्ची चौघांच्या खांद्यावर मुरब्यात फिरू लागली. जिवल्या पुढच्या बांबूला, तोंडात शिटी. शिटी ऐकली की पोरं वाटेतून बाजूला होत. चंद्रभान वरून आढ्यांचे, वाशांचे जोड पाहत असे आणि साइटवर क्रेनवाल्याला करतात तशा हाताच्या खुणा करत असे. अंगठा वर, म्हणजे उचला. मूठ बंद, म्हणजे तिथेच थांबा. दोन घरांत बायकांना खुणा पाठ झाल्या. गाठी मारण्यात मात्र त्या त्याच्या वरचढ होत्या, आणि एक गाठ पाहून त्याने ती सोडून परत बांधून दाखवायला सांगितली. कोटाच्या आतला हात केव्हा बाहेर आला, हे त्याला कळलंही नाही.

याच सुमारास ट्रकचा ड्रायव्हर आणखी बांबू आणायला बोईसरला निघाला. वळणावरून त्याने लांबून पाहिलं, की चंद्रभानला चार जण खांद्यावरून नेत आहेत आणि मागून बायामाणसं चालली आहेत. बोईसरला पोचल्यावर त्याने पाहिलं तेवढंच सांगितलं. एक शब्द पदरचा घातला नाही.

दुपारी हिराच्या घराची पाळी आली. तिथलं आढं म्हणजे अख्खं सागाचं खोड होतं आणि ते हातांनी चढणारं नव्हतं. चंद्रभानने फुटलेल्या होड्यांच्या दोन डोलकाठ्या मागवल्या, त्यांची टोकं एकत्र बांधून कैची उभी केली, वर होडीचीच कप्पी लावली. दोराला बारा बायका आणि टोळीतले तिघे. वारा वाढत होता. खोड अर्ध्यावर चढलं असताना चंद्रभानला दिसलं, की कुंपणापाशी एक तिशीचा चष्मेवाला तरुण उभा आहे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांना चिखल, बूट हातात.

"ओ चष्मेवाले," चंद्रभान ओरडला, "नुसते पाहून काय राहिले? धरा तो दोर."

तरुण काही बोलणार होता. तेवढ्यात पुढच्या दोघी चिखलात घसरल्या, दोर सरसरला आणि खोड हातभर खाली आलं. खाली जिवल्या उभा होता, खांबाची बेचकी धरून. चंद्रभान खुर्चीवरून अर्धा उठलाच. कोणी अडवायलाही नव्हतं, आणि त्याचे दोन्ही हात दोराकडे गेले. पण त्याच्याआधी चष्मेवाल्याने बूट टाकून दोरावर उडी घेतली, टाचा रोवल्या आणि तो मागे रेलला. दोर थांबला. चंद्रभान परत बसला आणि त्याने अंगठा वर केला. आढं इंचाइंचाने चढलं आणि बेचकीत बसलं. पहिले टपोरे थेंब पडू लागले तेव्हा ताडपत्री वर गेली होती, आणि हिराची सून मूल घेऊन आत आली होती.

तरुणाचे दोन्ही तळवे सोलले होते. हिराने त्यांना खोबरेल लावलं, करवंटीतून काळा चहा दिला आणि कुठून आलास रे बाबा, असं विचारलं. त्याने सांगितलं, की तो प्रांत आहे, जीप वाटेत वाळूत रुतली म्हणून चालत आला.

"अजून एक साहेब?" हिरा म्हणाली. "एक पुरे होता."

चिंधूने त्या तरुणाकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि तो भिंतीला टेकला. प्रांतसाहेबांनी चहाची करवंटी खाली ठेवली. कुलूप कोणाच्या हुकुमाने उघडलं, असं त्यांनी विचारलं. नोकरी, पेन्शन, तीन मुली, सगळं चिंधूच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं.

चंद्रभान खुर्चीचे हात धरून सावकाश उभा राहिला.

"त्याले काही नका म्हनू. मी उघड म्हनलो. मी खलाशी आहे, तारापूरच्या साइटवर, तेरा-चौदा दिवस झाले ऑपरेशनले. साहेब नाही हे मी येथं दोनदा सांगतलं, ते कोनी ऐकलं नाही. उघड एकदाच म्हनलो, ते सगळ्याईनं ऐकलं." पुढचं बोलावं की नाही याचा त्याने विचार केला, आणि बोलला. "आता मले जे कराचं ते करा. पन ताडपत्र्या उतरवाच्या असतील तर दुसरा खलाशी पाहा. मी उतरवणार नाही."

प्रांतसाहेबांनी आपल्या तळव्यांकडे पाहिलं. वर ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. आत मूल रडायचं थांबलं होतं.

"उतरवायची म्हटली तरी दोर कोण धरणार?" ते म्हणाले. "माझे हात गेले."

मग त्यांनी खिशातला कागद काढला, पेन दोन बोटांत कसंबसं धरलं आणि लिहिलं, की नुकसानीची समक्ष पाहणी करून वाटप करण्यात आलं. 'समक्ष' या शब्दापाशी ते जरा थबकले. इतकं समक्ष ते आजवर कुठेच गेले नव्हते. चिंधूने सही पाहिली आणि दिवसातला दुसरा सलाम ठोकला. या वेळी तो कोणाला होता ते त्याने नीट पाहून घेतलं.

सर ओसरली होती. कागद खिशात जातो न जातो तोच बांबूंचा ट्रक आला. पुढे ड्रायव्हरशेजारी सुगंधा होती आणि मागे चाळीतल्या पाच बाया. बोईसरपासून त्या रडत आल्या होत्या. सुगंधाने उतरताना चंद्रभानला आपल्या पायांवर उभा पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी थांबलं. ती आली, त्याला आपादमस्तक पाहिलं, पोटापाशी कोट बाजूला करून सगळ्या गावासमोर टाके तपासले आणि मग तिला बोलता आलं. चार जणांनी खांद्यावर नेलं असं ऐकून माणसाने काय समजायचं, असं तिने विचारलं. वाटेत तिने त्याच्या आईला पत्र कोणी लिहायचं हेसुद्धा ठरवलं होतं.

"मी काही नाही उचललं," चंद्रभान म्हणाला. "पूस कोनालेही."

तिने जिवल्याकडे पाहिलं. जिवल्याने शपथेवर होकारार्थी मान हलवली. तिचा विश्वास बसेना. तेव्हा हिरा मध्ये पडली. "खरं हाय बाय. त्यांनी काडी उचलली नाय," ती म्हणाली. "आमीच त्यांना उचलला."

सुगंधाने त्याला तत्काळ ट्रकमध्ये आडवं व्हायला सांगितलं. चंद्रभान तयार होता. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला टाके दुखल्याचं जाणवत होतं. जिवल्याने ताडपत्रीची घडी पसरली आणि त्याला वर चढवलं. सुगंधा पाठोपाठ चढणार, तोच तिचं नाक वर झालं. जवळच शाळेच्या पडवीत टोळीतल्या कोणी तरी दीडशे माणसांचा भात एकाच हंड्यात चढवला होता, आणि तो खाली लागून वर कच्चा राहिला होता.

"हा भात कोनं चढवला?" तिने विचारलं. तिने हंड्यात पाहिलं, पडवीत ओळीने बसलेली पोरं पाहिली, ट्रककडे पाहिलं. मग पदर खोचला. चाळीतल्या पाच बायांना तिने खाली उतरवलं, दोघींना तांदूळ धुवायला बसवलं, ओल्या लाकडांनी धुमसणारी चूल मोडून नवी मांडली. जिवल्याला सांगितलं, की यांना घरी नेऊन निजव, मी दोन दिवसांनी येते.

"अन् मी?" चंद्रभानने ट्रकमधून विचारलं. "मले जेवाले कोन देईल?"

"घरमालकीन देईल. घास तेवढा उचलून खाजा," ती म्हणाली, आणि वळली. पडवीच्या खांबाला टेकून प्रांतसाहेब मोकळे उभे होते. तिने चुलीजवळची फुंकणी उचलून त्यांच्या पुढ्यात धरली. त्यांनी आपले सोललेले हात दाखवले.

"हात गेले असतील भाऊ, तोंड शाबूत आहे ना? बसा, फुका."

प्रांतसाहेबांनी एकदा चिंधूकडे पाहिलं. चिंधू घाईघाईने दुसरीकडे पाहू लागला. मग ते चुलीपाशी बसले आणि दोन्ही मनगटांत फुंकणी धरून फुंकू लागले.

चंद्रभान ताडपत्रीवर कोपराचा आधार घेऊन हे पाहत होता. ते कोण आहेत हे तिला सांगावं, असं त्याच्या मनात आलं. ट्रक सुरू झाला तेव्हा त्याने तोंड उघडलंही. पण चुलीने जाळ धरला होता, सुगंधा साहेबांना अजून जोराने फुंकायला सांगत होती, आणि साहेब तिचं ऐकत होते. चंद्रभानने तोंड मिटलं. त्याला हसू फुटलं, आणि उशी घरी राहिली होती म्हणून त्याने घरमालकांच्या कोटाचा गोळा करून पोटाशी धरला आणि बोईसर येईपर्यंत हसत राहिला.